जुन्या घरातली फायरप्लेस: पेटवायची, नुसती जपायची की पाडायची?

प्रश्न: नमस्कार दादा, जुन्या घरांबद्दलचं तुमचं सदर मी नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. मागच्या वर्षी आम्ही एक जुनं घर घेतलं, कागदपत्रांवरून १९०० च्या आसपासचं असावं. हॉलच्या एका भिंतीला मध्येच फुगवटा होता, त्यावर प्लायवूड ठोकून वरून रंग मारलेला. रंगकाम काढलं तेव्हा तो प्लाय काढला आणि आत अख्खी फायरप्लेस निघाली! बिडाची आहे, वर कमान, दोन्ही बाजूंना तिरक्या बसवलेल्या हिरव्या टाइल्स (त्यातल्या दोन तडकल्यात), खाली छोटीशी जाळी आणि जाळीवर घमेलंभर काजळी, काटक्या आणि एक वाळून गेलेलं घरटं. बाहेरची चौकट कसल्यातरी दगडाची आहे पण पांढऱ्या ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की कळत नाही कसला. आता घरात तीन तोंडं तीन दिशांना. नवरा म्हणतो साफ करून या थंडीतच लाकडं पेटवू. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाडून टाका, भिंत सपाट होईल, टीव्ही युनिट मस्त बसेल. सासूबाईंना दमा आहे त्यामुळे धूर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण खरं सांगते, पाडायची म्हटलं की जीव वर-खाली होतो. एवढा खर्च करून रिस्टोर करावी का, आणि करायची तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, आधी कॉन्ट्रॅक्टरला थांबवा, बाकी सगळं निवांत बोलू. तुम्ही ज्याला फुगवटा म्हणताय ना ती नुसती भिंत नाहीये, ती चिमणी आहे, तुमच्या हॉलमधून वरच्या खोलीतून माळ्यातून थेट छपराच्या वरपर्यंत गेलेली विटांची उभी रास, आणि तिचं सगळं वजन खालच्या या भागावर उभं आहे. खालचा तुकडा कापला की वरचं काही टनांचं बांधकाम लटकतं, मग त्याखाली तुळई घालावी लागते, स्ट्रक्चरल इंजिनियरकडून हिशेब करून घ्यावा लागतो, शेजारच्या घराची चिमणी पाठीला पाठ लावून असेल तर त्यांच्याशीही बोलावं लागतं. एका टीव्ही युनिटसाठी हे सगळं करू नका हो. आणि घर हेरिटेजच्या यादीत असेल तर काही ठिकाणी आतल्या फायरप्लेसलाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही, ते आधी बघून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. मला असं वाटतं की तुमच्या घरात दोन प्रश्नांची सरमिसळ झालीये. फायरप्लेस जपायची का हा एक प्रश्न, आणि तिच्यात जाळ करायचा का हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर मी आत्ताच देतो, हो, नक्की जपा. दुसऱ्याचं उत्तर मीही नाही देऊ शकत, तुमचे मिस्टरही नाही, ते चिमणी देणार आणि तुमच्या सासूबाईंची छाती देणार.

जपा का म्हणतो, तर तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचूनच मला आनंद झाला. बिडाची, कमानीची, बाजूला तिरक्या टाइल्स असलेली ही घडण साधारण १८७० च्या पुढे ब्रिटिश पद्धतीच्या घरांमधे घरोघरी बसायला लागली, म्हणजे तुमच्या घराच्या वयाशी ती जुळते, बहुतेक घराबरोबरचीच आहे, नंतर कुणी आणून बसवलेली नाही. त्या बाजू तिरक्या का असतात माहितीये? काउंट रम्फर्ड नावाचा एक शास्त्रज्ञ होता, मूळचं नाव बेंजामिन थॉम्पसन, त्याने १७९६ मध्ये फायरप्लेसवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की लोकांच्या शेकोट्या खोल आणि चौकोनी असतात, त्यातली उष्णता सगळी धुराबरोबर वर पळते आणि धूर खोलीत परततो, तर शेकोटी उथळ करा, बाजू तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, आणि वरचा गळा अरुंद करा, जेमतेम चार इंच, म्हणजे धूर जोरात खेचला जाईल. लोकांनी आपापल्या फायरप्लेस फोडून तशा करून घेतल्या. तुमच्या हॉलमधल्या त्या हिरव्या टाइल्स तिरक्या बसल्यात त्यामागे ही सगळी गोष्ट आहे, आणि ती प्लायच्या मागे इतकी वर्षं शाबूत राहिली! तडकलेल्या दोन टाइल्सची काळजी करू नका, तडा म्हणजे दोष नाही, शंभर वर्षं ताप खाल्लेली वस्तू आहे ती. सुट्या झाल्या असतील तरच परत बसवा, बदलायच्या भानगडीत पडू नका.

आता जाळाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय जाळी छोटीशी आहे, या एका शब्दात बरंच काही आलं. ही जाळी लाकडासाठी नाहीच, ती कोळशासाठी केलेली आहे. कोळसा थोड्या जागेत भरपूर ताप देतो म्हणून त्या काळच्या जाळ्या अशा वीतभर आणि उथळ. तुमच्या मिस्टरांच्या डोळ्यासमोर जे मोठमोठे ओंडके धडधडत जळतायत ते या जाळीत मावणारच नाहीत, आणि बारीक करून घातले तरी ठिणग्या पुढे फरशीवर उडणार. आणि कोळसा जाळायचा म्हटलं तर बऱ्याच शहरांत बंदी किंवा निर्बंध आहेत. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस असं विषारी धुकं बसलं की हजारो माणसं गेली, त्याला मोठं कारण घराघरातल्या कोळशाच्या शेकोट्या होत्या, मग १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला आणि धूर करायला मनाई असलेले भाग ठरवले गेले. पुढे गॅस आला, सेंट्रल हीटिंग आलं आणि लोकांनी फायरप्लेसवर बोर्ड ठोकले. तुमच्या प्लायवूडमागेही असंच काही असणार. त्यामुळे तुमच्या भागात काय जाळायला परवानगी आहे हे नगरपालिकेत विचारल्याशिवाय काडी ओढायची नाही.

बरं तो प्लाय काढलात तो नक्की प्लायच होता ना? विचारतोय कारण एका काळी अशा फायरप्लेस बंद करायला अॅस्बेस्टॉसचे पत्रे सर्रास वापरले जायचे. घरात अजून एखादी बंद केलेली फायरप्लेस असेल आणि तिच्यावर करडा, सिमेंटसारखा कडक बोर्ड असेल तर तो तोडू नका, ड्रिल करू नका, आधी तपासून घ्या.

मी स्वतः एकदा काय करून बसलो होतो ते सांगतो म्हणजे मी एवढा का अडवतोय ते कळेल. ओळखीच्यांचं जुनं घर, अशीच झाकलेली फायरप्लेस उघडली, दिसायला सुंदर, सगळ्यांनी मिळून घासूनपुसून लख्ख केली आणि संध्याकाळी हौसेने चार कागद आणि काटक्या पेटवल्या. धूर मस्त वर जात होता, चिमणीची ओढ छान आहे म्हणून आम्ही खूश, टाळ्या वगैरे वाजवल्या. दहा मिनिटांनी वरून त्यांची मुलगी ओरडत खाली आली की माझ्या कपाटातून धूर येतोय. आम्ही धावत वर गेलो तर खरंच, भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या कपड्यांमधून निळसर धूर बाहेर. झालं असं होतं की खालच्या आणि वरच्या खोलीच्या धुराच्या नळ्या शेजारी शेजारी, मध्ये एका विटेची भिंत, तिच्यातला चुना झिजून गेलेला आणि वरच्या खोलीची फायरप्लेस कुणीतरी कधीतरी नुसत्या फळ्या मारून तिचं कपाट केलेलं. आम्हाला धूर दिसला म्हणून वाचलो. कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नाही, आणि त्या खोलीत ती मुलगी रात्री झोपायची. तो कपड्यांचा वास मला अजून आठवतो.

म्हणून सुरुवात चौकटीपासून करू नका, चिमणीपासून करा. दर्शनी दगड, टाइल्स, पॉलिश हे सगळं शेवटी. जुन्या चिमण्यांच्या आत वेगळी नळी नसायची, विटांना आतून गिलावा केलेला असायचा, चुन्यात चक्क शेण मिसळून करायचे तो, आणि चांगला टिकायचाही. पण कोळशाच्या धुरात गंधक असतं, ते ओलाव्याबरोबर मिळून आम्ल होतं आणि वर्षानुवर्षं तो चुना खात राहतं. गिलावा सुटतो, मग सांध्यांतला चुना भुसभुशीत होतो, मग विटांच्या मधून धुराला वाटा फुटतात. हे खालून टॉर्च मारून दिसत नाही. त्यासाठी आधी चिमणी साफ करणारा माणूस बोलवा, त्याला ब्रशने पूर्ण नळी झाडू दे (एक घरटं जाळीवर पडलंय म्हणजे वर अजून असणार, आणि पक्षी सध्या वापरत असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबावं लागेल), मग कॅमेरा सोडून आतून बघायला सांगा आणि मग धुराची टेस्ट. टेस्टमध्ये धुराची एक गोळी खाली पेटवतात, नळी गरम झाली की वरचं तोंड झाकतात आणि घरभर फिरून कुठून धूर पाझरतोय ते बघतात. वरच्या खोल्या, माळा, कपाटं, आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांकडेही. त्या दिवशी स्वतः घरी थांबा आणि त्याच्याबरोबर फिरा, हे मी कळकळीने सांगतोय.

अजून एक गोष्ट त्याला मुद्दाम तपासायला सांगा, लाकडी तुळयांची टोकं. जुन्या घरांत कधीकधी जमिनीची किंवा छपराची तुळई चिमणीच्या विटांमध्ये घुसवलेली असते. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून हळूहळू कोळशासारखं होतं आणि मग पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेतं, म्हणजे इतकी वर्षं काही झालं नाही हा पुरावा धरता येत नाही. आणि ओलं लाकूड जाळलं की नळीत क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर साचतो, तो पेटला तर आत हजार अंशांच्या वर तापमान जातं. लाकूड वाळलेलं म्हणजे त्यात पाणी २० टक्क्यांच्या खाली हवं, ताजं तोडलेलं लाकूड वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असू शकतं, आणि ते झाकलेल्या पण हवेशीर जागी वर्ष दोन वर्षं ठेवलं की कुठे तिथपर्यंत येतं. म्हणजे या थंडीत पेटवायची म्हटलं तर लाकूड मागच्याच्या मागच्या वर्षी भरायला हवं होतं.

समजा चिमणीत गळती निघाली, आणि एवढ्या जुन्या चिमणीत निघण्याचीच शक्यता जास्त, तर आतून लायनर घालता येतं, स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी वरून सोडतात किंवा आतून नवीन अस्तर ओततात. होण्यासारखं काम आहे, पण सगळ्या खर्चातला मोठा वाटा हाच असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक तिथेच काटकसर करतात आणि संगमरवरावर उधळतात. मला याचा खरंच त्रास होतो.

आणि एवढं सगळं करून उघड्या शेकोटीतून मिळतं काय? लाकडातल्या उष्णतेचा ढोबळमानाने दहा ते वीस टक्के भाग खोलीला मिळतो, बाकी सगळं वर. शिवाय ती खोलीतली गरम केलेली हवाही खेचून बाहेर टाकते आणि तेवढी गार हवा दारं-खिडक्यांच्या फटीतून आत येते, म्हणून शेकोटीसमोर तोंड भाजतं आणि पाठ गारठते. आता तुम्ही नव्या घट्ट खिडक्या बसवल्या असतील तर ती हवा येणार कुठून? मग चिमणीची ओढ मरते. त्यात किचनचा एग्झॉस्ट चालू केला की चिमणीतला धूर उलटा खोलीत. बंद दाराचा स्टोव्ह याबाबतीत कितीतरी बरा, चांगला असेल तर ७० टक्क्यांच्या वर उष्णता देतो, पण तो बसवायचा तर बहुतेक वेळा आतला बिडाचा भाग काढावा लागतो.

आणि सासूबाई. ताई, तुम्ही ते पत्रात एका ओळीत लिहिलंय, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. लाकडाच्या धुरात इतके बारीक कण असतात की ते थेट फुप्फुसात खोलवर जातात, आणि उघड्या शेकोटीतून, ती कितीही नीट ओढत असली तरी, पेटवताना, लाकूड सरकवताना, राख काढताना थोडा धूर आणि धूळ खोलीत येतेच येते. घरात दम्याचा पेशंट असताना उघडा जाळ नको. इथे मी दोन्ही बाजू वगैरे सांगत बसणार नाही.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? काजळी काढून चिमणी साफ आणि तपासून घेतली असती, छपरावरच्या तोंडाला पाऊस आणि पक्षी अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवली असती आणि फायरप्लेस उघडी, नीट केलेली, न पेटवता ठेवली असती. काजळी काढताना चांगला मास्क, दाराला प्लॅस्टिक, आणि सासूबाई दोन दिवस दुसरीकडे, कारण काजळी अंगाला आणि फुप्फुसाला वाईट असते. चिमण्या झाडणाऱ्या पोरांना होणाऱ्या कॅन्सरचं कारण काजळी आहे हे पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ मध्येच लिहून ठेवलंय. बिडाचा भाग धुवायचा नाही, पाणी लागलं की गंजतो, तारेच्या ब्रशने कोरडा घासायचा पण आधी जुन्या रंगात शिसं नाही ना ते टेस्ट किटने बघायचं, मग ग्राफाइटची काळी पॉलिश पातळ लावून फडक्याने चोळायची, असा काही गंभीर करडा-काळा रंग येतो की तुम्ही बघत राहाल. मागची पाटी चिरली आहे का तेही बघा, बोटाच्या पेराने ठोका, शाबूत बीड घंटेसारखं वाजतं आणि चिरलेलं बद्द वाजतं. पेटवायची नसेल तर चीर तशीच राहू द्या.

मिस्टरांना सांगा की हे त्यांच्या हौसेवर पाणी टाकणं नाहीये. न पेटवता जपलेली फायरप्लेस पुढे कधीही पेटती करता येते, लायनर घालून, स्टोव्ह बसवून, जेव्हा घरातली परिस्थिती वेगळी असेल तेव्हा. पाडलेली परत येत नाही. संध्याकाळी तिच्यात एक दिवा ठेवा, हिरव्या टाइल्सवर उजेड कसा पडतो बघा आणि मला कळवा.

प्रश्न: आमच्याकडची फायरप्लेस आधीच्या मालकांनी विटा लावून पक्की बंद केलीये. तिच्या वरच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग येतो, तीनदा रंग दिला तरी परत येतो. छपराला गळती नाही असं दोघांनी सांगितलं. हे काय असेल?

उत्तर: जुन्या काजळीतले क्षार. वर्षानुवर्षं कोळसा किंवा लाकूड जळलेल्या चिमणीच्या विटांमध्ये ते मुरलेले असतात, आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतात, म्हणून दमट दिवसांत डाग गडद होतो आणि कोरड्या दिवसांत फिका, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. चिमणी खालून विटांनी आणि वरून सिमेंटने गच्च बंद केली की आतली हवा कोंडते आणि ओल जायला वाट राहत नाही. खालच्या विटकामात एक जाळीची खिडकी काढून घ्या आणि वर हवेशीर टोपी, म्हणजे तळापासून वरपर्यंत हवा खेळती राहील. त्याने ओल कमी होईल पण मुरलेले क्षार जाणार नाहीत, तेव्हा डाग असलेला गिलावा विटेपर्यंत काढून नवा करावा लागतो, आणि तो थेट विटेवर न करता मध्ये क्षार अडवणारा थर किंवा पोकळी ठेवून केलेला बरा. चौथ्यांदा रंग देऊ नका, पैसे वाया जातील.

प्रश्न: फायरप्लेसची चौकट काळ्या-हिरव्या संगमरवराची आहे, डागाळलीये. पेंटरने अॅसिडने पुसायला सांगितलंय. पुसू का?

उत्तर: अजिबात नको. संगमरवर म्हणजे चुनखडीच, अॅसिड लागलं की फसफसून चकाकी जाते आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो, लिंबू आणि व्हिनेगरनेही तेच होतं. आणि तुमचा दगड संगमरवर आहे का याचीही मला शंका आहे. एकोणिसाव्या शतकात पाटीच्या दगडावर रंगाने संगमरवराच्या शिरा काढून, भट्टीत भाजून अशा चौकटी ढिगाने केल्या जायच्या, आणि त्यात काळा-हिरवा हे रंग फार असायचे. चौकटीची मागची कड किंवा खालचा कुठेतरी टवका उडालेला भाग शोधा. आत सपाट करडा दगड दिसला तर ती रंगवलेली पाटी आहे, आणि त्या शिरा म्हणजे फक्त वरचा रंग आहे, पेंट रिमूव्हर लावलात तर शिराही जातील. दोन्ही बाबतीत कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं, लगेच कोरडं पुसायचं, आणि आधी कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे करून बघायचं.